लांब टांगांची गाडी

मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे जे दोन पाय असतात, त्यांची लांबी किती असावी, हा विषय दिवाळी अंकाच्या वाचकापुढे मांडण्याजोगा आहे काय, अशी शंका कोणाला आली तर मी त्याला दोष देणार नाही. सायकलच्या दुकानात या भागाला चिमटा म्हणतात. मोटारसायकलच्या गॅरेजात स्प्रिंग आणि तेल यांसकट सगळ्या प्रकरणाला ‘शॉकअप’ म्हणून मोकळे होतात. इंग्रजांनी त्याला जेवणाच्या काट्याचेच नाव दिले, फोर्क. मी व्यवसायाने शाळामास्तर आणि हौसेने कादंबरीकार. एका कादंबरीतल्या फिटरला बोलते करावे म्हणून मी या फोर्कची माहिती जमवू लागलो. कादंबरी मागे पडली, फिटर अर्ध्यावर राहिला, आणि माहितीचा धागा धरून मी थेट लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागातल्या एका दुकानाच्या दारात जाऊन पोचलो. त्या दुकानात बांधलेली गाडी साऱ्या जगाने पाहिली आहे. बांधणाऱ्याचे नाव मात्र जगाने फार उशिरा विचारले. तिथवरचा रस्ता जरा वळणांचा आहे. वाचकांनी धीर धरावा.

गोष्ट पायांची आहे, तेव्हा पायांपासूनच आरंभ करतो. १८८५ साली जर्मनीत गॉटलीब डाइमलर याने इंजिन बसवलेली जी लाकडी दुचाकी केली, तिच्या पुढच्या चाकाला स्प्रिंग म्हणून नव्हतीच. बसणाऱ्याची हाडे हीच काय ती स्प्रिंग. पुढे सायकलचाच चिमटा जाड करून इंजिनाच्या गाडीला लावण्याची चाल पडली. अमेरिकेतल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९०७ च्या सुमारास पायांच्या दोन जोड्या योजल्या. मागची जोडी गाडीच्या मानेला पक्की, पुढची जोडी खाली चाकाशी एका छोट्या हलत्या दांडीने जोडलेली, आणि वर दोहोंच्या मध्ये उघड्या स्प्रिंगा. यालाच स्प्रिंगर म्हणतात. इंग्लंडात यॉर्कशायरच्या आल्फ्रेड स्कॉटने १९०८ साली नळीत सरकणारे पाय केले. पण नळीत सरकणारा आणि आत तेल भरून धक्का जिरवणारा पाय कारखान्यातून बाहेर पडला तो १९३५ साली, बी.एम.डब्ल्यू.च्या आर-१२ आणि आर-१७ या गाड्यांबरोबर. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या मॅचलेस गाडीला १९४१ पासून तसेच पाय आले. हार्लेवाले जुन्या मताचे. त्यांनी आपल्या मोठ्या गाड्यांची उघडी स्प्रिंग १९४८ पर्यंत सोडली नाही, आणि मग १९४९ साली ‘हायड्रा-ग्लाइड’ या भारदस्त नावाने नळीचे पाय आणले. आपल्या ओळखीची रॉयल एन्फील्ड बुलेटही त्याच १९४९ साली इंग्लंडात नळीच्या पायांवर उभी राहिली. पुढे १९५५ साली तिच्यासाठी मद्रासेत कंपनी निघाली.

हे सारे पाय कारखान्याने मापून दिलेले होते. ते मोडून जोडण्याचा, लांबवण्याचा उद्योग सुरू झाला तो युद्ध संपल्यावर, आणि तो कारखान्यात सुरू झाला नाही.

युद्धावरून परतलेले अमेरिकन तरुण आणि लष्कराने मोडीत काढलेल्या मोटारसायकली, या दोन गोष्टी १९४५ नंतर कॅलिफोर्नियात एकत्र आल्या. गाड्या दणकट पण अंगाने अवजड. त्यांचे मडगार्ड कापायचे, पुढचे तर काढूनच टाकायचे, जाडजूड सीट, पेट्या, दिवे, जे जे म्हणून गाडीला जड करते ते उतरवायचे, असा सपाटा सुरू झाला. आरंभी या गाड्यांना ‘बॉबर’ म्हणत. घोड्याची शेपूट आखूड कापतात तशा कापलेल्या. मग कापाकापी जसजशी वाढत गेली तसे नाव पडले ‘चॉपर’. यातली मौज अशी की, ज्या गाडीचे नावच कापण्यावरून पडले, तिच्यात एक अवयव मात्र वाढत गेला. सगळे अंग छाटले आणि पुढचे पाय लांबवले.

का लांबवले? या प्रश्नाला एकच एक उत्तर शोधू नये. पुढे एकवीस इंची रिमचे उंच, अरुंद चाक घालण्याची आवड होती. ते डौलदार दिसे. गाडीचे नाक थोडे वर उचललेले असले की ती धावण्याच्या आधीच धावल्यासारखी दिसे. शिवाय एक अगदी व्यवहारी कारण होते. लांब पाय भंगारात स्वस्त मिळत. युद्धापूर्वीच्या व्ही.एल. जातीच्या हार्लेचे स्प्रिंगर नंतरच्या मोठ्या गाड्यांपेक्षा किंचित लांब असत, आणि त्या गाड्या आता जुन्या झाल्या होत्या. याहून मोलाचा माल म्हणजे एक्स.ए.चे पाय. अमेरिकन सैन्याला वाळवंटात चालेल अशी गाडी हवी होती, म्हणून हार्लेने १९४२ साली चक्क शत्रूच्या बी.एम.डब्ल्यू.वरून नक्कल करून हजारभर गाड्या बांधल्या. जीप आली, वाळवंटातली लढाई सरली, आणि त्या गाड्यांचे काम उरले नाही. पण त्यांचे पुढचे पाय नेहमीच्या स्प्रिंगरपेक्षा चार इंचांच्या आसपास लांब होते. ज्या वाळूसाठी ते लांब केले ती वाळू त्यांनी पाहिली नाही. त्यांच्या वाट्याला कॅलिफोर्नियाची डांबरी सडक आली. चॉपर बांधणारे जाणते लोक हे पाय हुडकत फिरत.

हजार गाड्यांचे पाय किती जणांना पुरणार? तेव्हा ज्यांना ते मिळाले नाहीत त्यांनी आपला तोडगा काढला. फोर्ड कंपनीच्या जुन्या मोटारींचा पुढचा आस जागेवर धरून ठेवणारे निमुळते दांडे असत, त्यांना रेडियस रॉड म्हणत. भंगाराच्या आवारात त्यांची रास पडलेली असे. स्प्रिंगरचा पाय मध्ये कापायचा, त्यात या दांड्याचा तुकडा वेल्डिंगने बसवायचा, सांधा कानशीने घासून गुळगुळीत करायचा आणि वर क्रोमचा मुलामा द्यायचा. काम साधले तर सांधा हुडकून सापडत नसे. फोर्डच्या मोटारीचा पाय हार्लेला लावणारा तो पहिला माणूस कोण, हे कोठे नोंदलेले नाही. आपल्या देवळांच्या रथांची चाके ज्या सुतारांनी घडवली त्यांची नावे तरी कोठे नोंदली आहेत?

इथवर कोणी म्हणेल, ही सारी पोरांची हौस झाली. यात विद्या कोठे आली? तर विद्या इथून पुढे आहे. आणि ती समजून घेण्यासाठी मला, म्हणजे मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या भाषेच्या मास्तराला, शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांची मधली सुट्टी चार दिवस खर्ची घालावी लागली.

आमच्या मुख्याध्यापकांच्या कचेरीत चाकांची खुर्ची आहे. ती ढकलली की तिची लहान चाके आपोआप फिरून दांडीच्या मागे येतात आणि निमूटपणे मागोमाग चालू लागतात. कारण चाकाची दांडी जिथे उभी आहे त्याच्या थोडे मागे चाक जमिनीला टेकते. मोटारसायकलचे पुढचे चाक याच न्यायाने सरळ चालते. तिची मान, म्हणजे हँडल जिच्यात फिरते ती नळी, उभी नसते. मागे कललेली असते. या कलण्याच्या कोनाला रेक म्हणतात. त्या मानेची रेघ मनाने तशीच खाली जमिनीपर्यंत ओढली, तर ती चाक जिथे टेकते त्याच्या काही इंच पुढे जमिनीला लागते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल असतो म्हणून हात सोडले तरी चाक सरळ राहू पाहते. ट्रेल फार कमी झाला तर गाडी पाऱ्यासारखी चंचल होते, आणि तो उलट्या दिशेला गेला, म्हणजे चाक रेघेच्या पुढे टेकू लागले, तर वेगात हँडल हातात राहात नाही. फार वाढला तर वेगात गाडी रुळावरच्या आगगाडीसारखी सरळ जाते, पण संथ चालीत हँडल जडशीळ होते आणि चाक वळवले की एका अंगाला लोळू पाहते.

आता आकडे पाहा. मान तीस अंश कललेली, चाकाची त्रिज्या साडेबारा इंच, आणि चाकाचा आस मानेच्या रेघेच्या अडीच इंच पुढे, अशी एक गाडी उदाहरणादाखल घेतली, तर ट्रेल येतो सुमारे सव्वाचार इंच. बाकी काही न बदलता मानेचा कल पंचेचाळीस अंश केला, तर ट्रेल होतो जवळजवळ नऊ इंच. दीडपट कलाने दुपटीहून अधिक ट्रेल!

पाय लांबवण्याचा याच्याशी संबंध काय? मान न कापता नुसते पाय सहा इंचांनी लांबवले, तर गाडी पुढून पाच-सव्वापाच इंच उचलली जाते. मागचे चाक आहे तिथेच; म्हणजे साठ-बासष्ट इंच लांबीच्या गाडीचे सारे अंग मागे झुकते आणि मानेचा कल साडेचार-पाच अंशांनी आपोआप वाढतो. त्याबरोबर ट्रेल वाढतो, इंजिनाचा तळ तिरपा होतो, बसणारा मागे घसरतो, गाडी दोन पायांवर उभ्या राहिलेल्या घोड्यासारखी दिसते. तेव्हा पाय लांबवणाऱ्याने खरे म्हणजे आधी गाडीची मानच कापायला हवी, ती हव्या त्या कोनात कलती करून पुन्हा जोडायला हवी, आणि मग त्या कलत्या मानेतून सरळ जमिनीपर्यंत जेवढे अंतर होईल तेवढेच पाय लांब करायला हवेत. असे केले की गाडीचे अंग जमिनीशी समांतर राहते. शिवाय पाय वर ज्या दोन आडव्या पट्ट्यांत आवळलेले असतात, त्या पट्ट्या बदलून वाढलेला ट्रेल पुन्हा काबूत आणायचा, ही त्यापुढची पायरी. यातले एक माप चुकले तर गाडी देखणी होते आणि चालवणारा इस्पितळात जातो.

कोल्हापुरात उद्यमनगराच्या बाजूला माझा एक जुना विद्यार्थी लेथवर काम करतो. शाळेत असताना त्याला त्रिकोणाचे तीन कोन मिळून किती होतात हे सांगता येत नसे. मी त्याला वरचे गणित कागदावर दाखवले. त्याने कागद पाहिलाही नाही. हात पुसत म्हणाला, “सर, टांगा लांबवायचं काय, कुणीबी लांबवंल. मान कुठं कापायची आन् किती वाकवायची, त्ये कळाय पायजे.” मग आतून त्याने एक वाकलेली नळी आणून माझ्यासमोर टाकली. कोणा हौशी पोराने बुलेटच्या पायांच्या नळ्यांना वर आटे पाडून त्यांत जोडतुकडे बसवून घेतले होते. अमेरिकेतही ही युक्ती फार चालली. अशा जोडतुकड्याला तिकडे स्लग म्हणत. नव्या लांब नळ्या घेण्यापेक्षा ती स्वस्त पडे. परंतु नळीवरचा सगळा ताण वरच्या टोकाला एकवटतो, आणि सांधाही नेमका तिथेच. त्यात पाय लांब झाला की वाकण्याचे प्रमाण लांबीच्या घनाने वाढते. लांबी दीडपट केली तर त्याच धक्क्याने नळी तिपटीहून अधिक वाकते. शिवाय मान फार कलती असली तर खड्ड्याचा धक्का नळीला आत सरकवण्याऐवजी मोडूच पाहतो, आणि आतली स्प्रिंग व तेल नुसती बघत बसतात. “पोरगं वाचलं?” मी विचारले. “वाचलं. गाडी इकली त्येनं.”

यावरून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. लांब टांगांची गाडी ही तिच्या मुलखाची लेक आहे. सॅन बर्नार्डिनोच्या पलीकडे मोहावेचे वाळवंट लागते. तिथे रस्ता तासन् तास वळत नाही. नऊ इंचांचा ट्रेल तिथे दोष नसून सुख आहे; दोन बोटे हँडलावर ठेवली की पुरे. हीच गाडी आंबोलीच्या घाटात आणली तर पहिल्याच वळणावर ती आणि तिचा धनी दोघेही दरीकडे तोंड करून विचारात पडतील. इंग्लंडातल्या पोरांनी म्हणूनच उलटी वाट धरली. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरच्या एस कॅफेपाशी जमणारी मंडळी पायांच्या नळ्या पट्ट्यांतून थोड्या वर सरकवून गाडीचे नाक खाली आणत. कल कमी, ट्रेल कमी, वळणावर गाडी चपळ. अर्ध्या इंचाचा खेळ. पण त्याला ना वेल्डिंग लागे ना छाती, म्हणून त्याच्या कथाही झाल्या नाहीत.

आपल्याकडे घाटांच्या जोडीला कायदाही आडवा येतो, हे जाता जाता सांगून टाकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातल्या बदलांविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात स्वच्छ सांगितले की, कारखानदाराने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येणार नाही. दोन चाकांमधले अंतर आर.सी.वर लिहिलेले असते. पाय लांबवले की तेच अंतर बदलते. म्हणजे टांग लांब केली की कागद खोटा पडला! कायद्याचा हेतू चांगलाच आहे, त्या वाकलेल्या नळीने मला तो पटवून दिला. तरी असे वाटते की ज्याला मान कापण्याची विद्या खरोखर येते आणि जो नुसता जोडतुकडा ठोकून देतो, या दोघांना कायदा एकाच ओळीत उभे करतो.

आता पुन्हा कॅलिफोर्नियाकडे वळू, कारण मी ज्या दुकानाचे नाव काढले होते ते तिथे आहे.

१९६० नंतर लॉस एंजेलिसच्या दक्षिण भागात, कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, बेन हार्डी नावाचा एक कारागीर मोटारसायकली बांधत असे. याच भागातल्या वॉट्स मोहल्ल्यात ऑगस्ट १९६५ मध्ये दंगल उसळली आणि ३४ माणसे मेली. त्या धगधगत्या मुलखात हार्डीच्या दुकानी पोरे जमत, शिकत, गाड्या बांधून घेत. हार्डी स्वतः कृष्णवर्णीय. त्याला मान कापायची कुठे हे कळत होते. त्याच्याकडे येणाऱ्यांत क्लिफर्ड व्हॉज हा एक तरुण होता. तोही कृष्णवर्णीय, नागरी हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता, हातात कॅमेरा. दक्षिणेतल्या राज्यांत, जिथे कृष्णवर्णीयाने मत नोंदवायला जाणे म्हणजे जिवाशी खेळ होता, तिथे हा माणूस चळवळीच्या कामासाठी गेला आणि आपली चॉपरही घेऊन गेला. रस्त्यात आपल्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या, असे त्याने पुढे सांगितले आहे.

अशा वेळी पीटर फोंडा आणि डेनिस हॉपर हे दोघे नट एक चित्रपट काढायला निघाले. दोन तरुण मोटारसायकलवरून लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सला जातात, वाटेत माणसांना भेटतात, आणि शेवटी दक्षिणेच्या एका आडरस्त्यावर ट्रकमधल्या माणसांच्या गोळ्यांना बळी पडतात, एवढीच कथा. तो ‘ईझी रायडर’, १९६९ साली पडद्यावर आला. त्याच्या गाड्यांची जबाबदारी व्हॉजकडे आली. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले विकत घेतल्या गेल्या, आणि व्हॉजच्या योजनेप्रमाणे बेन हार्डीने त्यांच्या चॉपर केल्या. व्हॉजबरोबर राहणारा लॅरी मार्कस हा मेकॅनिकही कामात होता. फोंडाच्या वाट्याच्या गाडीच्या टाकीवर अमेरिकेच्या ध्वजाचे तारे आणि पट्टे रंगवले. तिला ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणतात. मान खूप कलती, नळीचे पाय लांबच लांब, पुढे उंच अरुंद चाक, आणि त्या चाकाला ब्रेकच नाही. मागे तर स्प्रिंगसुद्धा नाही, कारण ती चौकट जुन्या काळची ताठ पाठीची.

चित्रपटाचे गुणदोष सांगणे हे माझे काम नव्हे. पण गाडी पाहताना मी पाहिले ते तिचे अंग. इंजिनाची चौकट जमिनीशी समांतर आहे. गाडी उताणी झालेली नाही. म्हणजे ज्याने पाय लांबवले त्याने मान आधी मोजून कापली होती, आणि मगच पायांची लांबी ठरवली होती. दोन नट त्या गाड्यांवर कॅमेऱ्यापुढे मैलोगणती फिरले, ते त्या मोजमापाच्या भरवशावर.

चित्रपटाच्या कामातून व्हॉजला आरंभीच दूर करण्यात आले. पडद्यावर त्याचे नाव नाही, हार्डीचेही नाही. चित्रपट देशोदेशी गाजला, ती गाडी भिंतीवरच्या चित्रांतून खोल्याखोल्यांत जाऊन बसली, आणि तिची कल्पना नटाचीच असे कित्येक वर्षे छापून येत राहिले. ट्रकमधून झाडलेल्या गोळ्या पडद्यावर दोन गोऱ्या तरुणांना लागल्या तेव्हा जग हळहळले. तशाच रस्त्यावर तशीच गाडी घेऊन आधी गेलेला कृष्णवर्णीय माणूस कोणाला ठाऊक नव्हता. मला यात कोणा एकाचे कपट दिसत नाही. मला दिसते ती आपणा सर्वांचीच सवय. गाडीवर बसलेला माणूस दिसतो, तिच्याखाली पाठ टेकून पडलेला दिसत नाही.

चित्रपटानंतर मात्र लांब टांगांचे वेडच पसरले. त्याआधी १९६७ साली एड रॉथ याने ‘चॉपर्स’ नावाचे मासिक काढले होते, म्हणजे आवड होतीच. आता तिला पूर आला. टपालाने लांब नळ्या मिळू लागल्या, जोडतुकडे मिळू लागले, आणि ज्यांनी कधी वेल्डिंगची ज्योत पाहिली नव्हती ते लोक घराच्या अंगणात पाय लांबवू लागले. मान कापण्याची विद्या टपालाने मिळत नव्हती. सॅन बर्नार्डिनोला डेन्व्हर मलिन्ससारखे उस्ताद लांब स्प्रिंगर बांधत, ती कामे आजही नाणावलेली आहेत. स्वीडनच्या लोकांना तर लांब पायांचा असा छंद जडला की तिथल्या चॉपरची जातच वेगळी मानतात. पण या पुरात वाकलेल्या नळ्याही पुष्कळ वाहून आल्या असणार.

कारखानदार हे सगळे दुरून पाहात होते. ज्यांची गाडी कापली म्हणून नाक मुरडावे, त्यांच्याच लक्षात आले की लोक कापलेली गाडी मागतात. हार्लेने १९७१ साली आपल्या जाड गाडीला हलक्या गाडीचे सडपातळ पाय लावून ‘सुपर ग्लाइड’ काढली. इंग्लंडच्या ट्रायम्फने अमेरिकन क्रेग व्हेटरने आखलेली ‘हरिकेन’ १९७३ मध्ये विकायला आणली. तिचे पाय सुमारे इंचभर लांब होते. इंग्रजांची लांबवण्याची हिंमत इंचाची! १९८० साली हार्लेची ‘वाइड ग्लाइड’ आली, पाय लांब आणि एकमेकांपासून फाकवलेले, पुढे एकवीस इंची चाक. भंगारातल्या फोर्डच्या दांड्यांनी जे सुरू झाले ते आता दुकानाच्या काचेत, हमीपत्रासह उभे होते. आपल्याकडे त्या प्रवाहाचा एक क्षीण ओघळ पुण्याच्या बजाज कंपनीच्या ‘अ‍ॅव्हेंजर’पर्यंत, म्हणजे २००५ सालापर्यंत, येऊन पोचला. आमच्या शाळेतल्या एका शिपायाकडे ती आहे. पाय पुढे टाकून, पाठ मागे टेकून तो शाळेच्या फाटकातून आत येतो तेव्हा त्याच्या बसण्यात ते मोहावेचे वाळवंट मला दिसते. त्याला ते माहीत असण्याचे कारण नाही.

‘कॅप्टन अमेरिका’चे काय झाले तेही सांगायला हवे. चित्रपटासाठी तिच्या जोडगाड्या केल्या होत्या. एक गाडी शेवटच्या प्रसंगात मोडली. बाकीच्या चित्रपट लोकांपुढे येण्याच्या आधीच चोरीला गेल्या, आणि चोरांनी त्यांचे सुटे भाग करून विकले असावेत, असा समज आहे. कशाचे तुकडे आपण विकतो आहोत हे त्या चोरांना तेव्हा कळणे शक्य नव्हते. मोडलेल्या गाडीच्या अवशेषांवरून पुन्हा उभी केली म्हणून सांगितली जाणारी एक गाडी ऑक्टोबर २०१४ मध्ये कॅलिफोर्नियात लिलावाला आली, आणि तिच्यावर साडेतेरा लाख डॉलरची बोली पुकारली गेली. लगेच वाद उठला. कारण खरी ‘कॅप्टन अमेरिका’ हीच, असे सांगणारी दुसरी एक गाडीही हयात होती. खरी चौकट कोणती, वेल्डिंगचा सांधा कोणता, यावर जाणकारांनी बराच खल केला.

त्याच वर्षी पॉल डी’ऑर्लेअन्स यांचे चॉपरच्या इतिहासावरचे पुस्तक निघाले आणि त्यात व्हॉज व हार्डी यांची नावे ठळकपणे आली. व्हॉज तेव्हा सत्तरी ओलांडून गेला होता; पुढे दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, तो वारला. आपण सांधलेली मान खरी कोणती, हे जो नुसता बोट फिरवून सांगू शकला असता, तो बेन हार्डी १९९४ सालीच गेला होता.